लिंबूटिंबूचा धप्पा

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी लपाछपी रंगते. आधी सगळे गोल करून सुटतात. तळवे उलटे-सुलटे पडतात, वेगळा पडलेला सुटतो आणि शेवटी उरेल त्याच्यावर राज्य. या गोलात एक चारेक वर्षांचा धाकटा भाऊ हमखास घुसतो. त्याला घेतलं नाही तर तो घरी जाऊन भोकाड पसरणार आणि ताईलाही वरून हाक येणार. म्हणून ताईच जाहीर करते, "हा लिंबूटिंबू हं!" कुणी हरकत घेत नाही. काही ठिकाणी याच भिडूला कच्चं लिंबू म्हणतात.

तो गाडीमागे लपतो, पाय बाहेर दिसतात. राज्य असलेला मुलगा न पाहिल्यासारखं करून पुढे जातो. कधी पकडतोही, पण पुढचं राज्य त्याच्यावर येत नाही. खरा पेच पडला तो पठ्ठ्याने मागून येऊन जोरदार धप्पा दिला तेव्हा. "लिंबूटिंबूचा धप्पा धरत नाहीत!" "मग खेळायला घेतलंच कशाला?" बराच वेळ कल्ला चालला. निवाडा असा झाला की धप्पा धरायचा नाही, टाळ्या मात्र वाजवायच्या. (मी धरला असता. पण मला विचारतो कोण!)

मोठ्यांनी या शब्दातली सवलत काढून टाकली आणि हिणवणं तेवढं ठेवलं. ऑफिसात नवख्याला लिंबूटिंबू म्हणतात, पण त्याची चूक माफ होत नाही. क्रिकेटच्या बातम्यांत तर दुबळ्या संघाचं हे ठरलेलं विशेषण. १९९६च्या विश्वचषकात केनिया असाच लिंबूटिंबू होता. २९ फेब्रुवारीला पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर त्याने १६६ धावा केल्या आणि लारा, रिचर्डसन, अ‍ॅम्ब्रोस असलेल्या वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं. २००७च्या विश्वचषकात बांगलादेशाने आपल्याला हरवलं. हे धप्पे धरले गेले, आपण तर त्या विश्वचषकातून पहिल्याच फेरीत बाहेर पडलो.

पण या संघांना सवलत कोणती मिळाली? त्यांचा गडी बाद झाला की बादच. वर, २००७च्या विश्वचषकात १६ संघ होते, ते २०१९मध्ये १० वर आले; म्हणजे लहानांना गोलातच उभं राहू दिलं नाही. क्रीडापानं लिहिणाऱ्यांनी अशा संघांना नवखे म्हणावं, दुबळे म्हणावं, पण लिंबूटिंबू म्हणू नये.