डॉक्टर, मंथ एण्ड काय म्हणतो?

विष्णुपुरी म्हटलं की जुन्या मंडळींना गोदावरीवरचं धरण आठवतं. आपल्या पिढीसाठी मात्र हा नांदेडचा कॉलेज एरिया. विद्यापीठ इथेच, एसजीजीएस इंजिनीअरिंग इथेच आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही इथेच. चहाच्या टपरीवर गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला कुणी दिसला की वाटतं, याचं लाइफ सेट! पण थांबा, तो इंटर्न असेल तर त्याचा हिशेब वेगळा आहे.

साडेचार वर्षं एमबीबीएस आणि त्यानंतर एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप. रक्ताचे नमुने, सलाइन, नाइट ड्युटी, सगळं आलं. मिळतं ते मात्र 'विद्यावेतन'. सगळी गोम या शब्दात आहे. पगार असता तर महागाई भत्ता आला असता. विद्यावेतन म्हणजे ठोक रक्कम, सरकार बदलेल तेव्हाच बदलणार.

राज्यातल्या सरकारी कॉलेजांत ही रक्कम होती 6,000. 2018 मध्ये इंटर्न्सनी राज्यभर संप केला, तेव्हा ती 11,000 झाली. नंतर थेट 2024 मध्ये 18,000. ऐकायला सॉलिड वाढ वाटते ना? मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. मधल्या काळात देशातला किरकोळ महागाईचा निर्देशांक जवळपास एक तृतीयांशाने चढला होता. म्हणजे 2024 च्या सुरुवातीचे 11,000 म्हणजे 2018 चे जेमतेम सव्वाआठ हजार! 7,000 च्या वाढीतले साधारण पावणेचार हजार नुसती मागची खोट भरण्यातच गेले.

त्याच वॉर्डात कायम नोकरीत असलेल्या सिस्टरचं बघा. सातव्या वेतन आयोगात 2016 ला शून्यावरून निघालेला महागाई भत्ता जानेवारी 2024 पासून 50 टक्क्यांवर गेला. दर सहा महिन्यांनी फेरआढावा. (तिला तो मिळायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही.) वॉर्ड एक, मेसचे आणि रिक्षाचे दरही सगळ्यांना तेच, पण महागाई मोजली जाते फक्त एकीच्या स्लिपवर.

यावर कुणी भांडत कसं नाही? भांडतात की! पण इंटर्नशिप वर्षाचीच. फाइल हलेपर्यंत भांडणारे पीजी एंट्रन्सच्या अभ्यासाला लागलेले असतात. 2019 च्या बॅचलाही 11,000 आणि 2023 च्या बॅचलाही 11,000. चार वर्षं तोच आकडा सोसलेला माणूस कॅम्पसमध्ये एकही नसतो.