तोडणी टोळीच्या तळासाठी जनरेटर : निवड आणि मांडणी



गळीत हंगाम तोंडावर आला की शेतकी खात्यात करार, टोळ्या आणि वाहने यांची एकच धांदल उडते. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. आपले वाहतूकदार सभासद गट ऑफिसला येतात आणि विचारतात, "साहेब, टोळीसाठी छोटा जनरेटर घ्यायचाय. केवढा घेऊ?"

प्रश्न योग्यच आहे. बीड, जालना, धाराशिव भागातून आलेली माणसे चार-पाच महिने आपल्या शिवारात कोप्या घालून राहतात. तळ कधी ओढ्याकाठी, कधी माळावर; जवळ विजेचा खांब असेलच असे नाही. अंधारात विंचू-काट्याचे भय. मोबाइल उतरला तर रात्री वाहन कधी लागणार याचा निरोपही मुकादमाला मिळत नाही. तेव्हा तळावर उजेड असणे ही चैन नव्हे. मी शेतकी पदविकेचा माणूस, विजेचा तज्ज्ञ नाही. तथापि फडावर जे पाहिले आणि जाणत्या वायरमनकडून जे शिकलो, ते इथे मांडतो.

१) आधी गरज मोजा

दुकानात जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्या. समजा १४ कोप्यांचा तळ आहे. कोपीला ९ वॅटचा एक एलईडी बल्ब म्हणजे १२६ वॅट. प्रत्येक कोपीत दोन मोबाइल, चार्जिंगला १० वॅट धरले तर २८० वॅट. बाहेर ५० वॅटचे दोन मोठे दिवे, म्हणजे १०० वॅट. एकूण झाले ५०६ वॅट. एवढ्यासाठी सलग ७००-८०० वॅट देणारा लहान जनरेटर पुरतो.

पण त्यावर पाण्याची मोटार चालवायची म्हटली की हिशेब बदलतो. अर्ध्या अश्वशक्तीची मोटार चालू असताना ६०० वॅटच्या आसपास घेते. मात्र सुरू होताना क्षणभर तिप्पट किंवा त्याहून जास्त ओढते. बैलगाडी चिखलातून हलवताना बैलांना जो पहिला हिसका द्यावा लागतो, तसाच हा प्रकार. तेवढा जोर जनरेटरमध्ये नसेल तर मोटार नुसती गुणगुणते आणि जळते. अशा तळाला दोन ते अडीच केव्हीएचा जनरेटर घ्यावा. आणि सवय लावून घ्यावी : आधी मोटार सुरू करायची, मग दिवे लावायचे.

जनरेटरच्या पाटीवर बहुधा दोन आकडे असतात. मोठा आकडा कमाल शक्तीचा, तो थोडा वेळच मिळतो. लहान आकडा सलग चालण्याचा. विकणारा मोठा आकडा सांगतो, आपण लहान आकडा पाहून घ्यावा. रोजचा भार त्याच्या निम्म्यापासून पाऊण भागापर्यंत असला म्हणजे यंत्र सुखात चालते. उगाच पाच केव्हीएचा घेऊन चार बल्ब लावणे म्हणजे शेळीसाठी हत्तीचा साखळदंड घेणे होय.

२) पेट्रोल की डिझेल?

टोळी एका जागी राहत नाही. म्हणून दोन माणसांना उचलून ट्रॉलीत ठेवता येईल असाच जनरेटर हवा. दोन-अडीच केव्हीएपर्यंत पेट्रोलचा सोयीचा. वजनाला हलका, दोरी ओढली की सुरू. डिझेलचा त्याच ताकदीला जड पडतो, पण तेल कमी खातो. तो रोज तासन् तास चालवायचा असेल तरच परवडतो.

खरे सांगायचे तर, मोटार चालवायची नसेल आणि फक्त दिवे-मोबाइलच असतील, तर आधी सौर दिव्यांचा विचार करावा. त्यांना ना तेल, ना धूर.

३) कुठे ठेवावा? सर्वात महत्त्वाचे

एका हंगामात एका तळावर नवा जनरेटर आला. मी सहज म्हणालो, "पावसात भिजू देऊ नका बरं का, शॉक लागंल." दोन दिवसांनी रात्री अवकाळी पाऊस आला. माझे ऐकून पोरांनी जनरेटर उचलला आणि कोपीला लागून ताडपत्रीच्या आडोशाला ठेवला. तसाच चालू. पहाटे मुकादम उठवायला गेला तर आतली बाई आणि दोन लेकरे उठेनात. बाहेर मोकळ्या हवेत आणल्यावर बाईने डोळे उघडले, लेकरांना दवाखान्यात न्यावे लागले. तिघेही वाचली. पण निम्मीच गोष्ट सांगितल्याची चूक माझी होती. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो.

सबब :
– जनरेटर कोपीपासून निदान २० फूट दूर, उघड्यावर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवावा. सायलेन्सरचे तोंड वस्तीकडे नको.
– पावसासाठी वर चार खांबांवर उंच पत्रा घालावा. चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात. जोराचा पाऊस असेल तर सरळ बंद करावा.
– येता-जाता माणसे ताडपत्रीखाली ट्रॉलीत झोपतात. त्या ट्रॉलीत जनरेटर कदापि चालू ठेवू नये. नेताना उभा बांधावा आणि पेट्रोलचा कॉक बंद करावा.
– एकाच कोपीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले तर आधी सर्वांना बाहेर काढावे, जनरेटर बंद करावा आणि १०८ ला फोन करावा. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये.

४) पाचट आणि पेट्रोल

सायलेन्सर तापून लाल होतो आणि आपल्या तळावर चोहीकडे पाचट. जनरेटरभोवती दहा फूट जागा झाडून माती उघडी करावी. पेट्रोल भरताना यंत्र बंद करून थंड होऊ द्यावे. विडी, चूल, कंदील लांब. पेट्रोलचा कॅन कोपीत ठेवू नये. जवळ मातीच्या दोन पाट्या भरून असाव्यात.

५) वायर, अर्थिंग आणि ईएलसीबी

वायर तीन तारांची, जाड रबरी आवरणाची घ्यावी. दिव्यांना दीड आणि मोटारीला अडीच चौरस मिलिमीटरची. गुंडाळी पूर्ण उलगडावी, नाहीतर ती तापते. गाडीवाटेवरून नेऊ नये, बांबूवरून उंच न्यावी.

३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी जरूर बसवावा. मात्र पुष्कळ लहान जनरेटरमध्ये न्यूट्रल सांगाड्याला जोडलेला नसतो. तशा स्थितीत ईएलसीबी नुसता शोभेला राहतो, वेळेला पडत नाही. म्हणून ही जोडणी आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. बटण दाबून ईएलसीबी पडतो की नाही हे अधूनमधून पाहावे.

६) घरी जोडताना

हंगाम संपला की हाच जनरेटर काही सभासद घरी वापरतात. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर घरच्या सॉकेटमध्ये खुपसतात. हा प्रकार जिवावरचा आहे. वीज उलटी तारांवर जाते आणि डीपीतून ११,००० व्होल्टपर्यंत चढते. "लाइन बंद आहे" म्हणून खांबावर चढलेला वायरमन आपल्याच गावचा कुणाचा तरी मुलगा असतो. घरी चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर जोडू नये.

७) निगा

ऑइल रोज पाहावे. नव्या यंत्राचे पहिले ऑइल साधारण २० तासांनी, पुढे १०० तासांनी बदलावे. पाचटाची धूळ फार, म्हणून एअर फिल्टर वरचेवर साफ करावा. हंगाम संपताच टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावे. साठलेले पेट्रोल चिकट होऊन पुढच्या वर्षी दोरी ओढून हात दुखतात, यंत्र काही बोलत नाही.

सभासद बंधूंनो, केवढा घेतला हा प्रश्न पैशाचा आहे. कुठे ठेवला हा जिवाचा. आपला ऊस वेळेवर गाळपाला जातो तो या माणसांच्या कोयत्यावर. तरी वाहतूकदारांनी टोळी उतरेल त्याच दिवशी मुकादमाला आणि विशेषतः कोपीतल्या बायाबापड्यांना वरील तिसरा मुद्दा समजावून सांगावा. ज्यांच्या रानात तळ पडेल त्या सभासदांनीही संध्याकाळी एक चक्कर मारून जनरेटरची जागा पाहावी, ही नम्र विनंती.

– ऊस विकास अधिकारी