पाठदुखी : त्याची आणि तिची

सारसोळे हे नेरूळमधील मूळचे खाडीकाठचे कोळी-आगरी गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई वसली आणि गावाच्या भोवती वसाहती व रुग्णालये उभी राहिली. रुग्णालय जवळ आले म्हणजे उपचारही हाती आले, असे मानण्याची आपल्या नियोजनाला सवय आहे. ही समजूत किती अपुरी आहे, हे कण्याच्या दाहक संधिवातावरून दिसते.

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा त्याचा परिचित प्रकार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. विश्रांतीने दुखणे वाढते, हालचालीने उतरते आणि पहाटे पाठ लाकडासारखी ताठते. उपचार लांबले तर काहींचे मणके कायमचे जखडले जातात. एके काळी हा पुरुषांचाच रोग समजला जाई. १९८४ चे निदानाचे निकष क्ष-किरण चित्रावर विसंबून होते आणि स्त्रियांत तसे बदल सहसा कमी व उशिरा दिसतात. २००९ च्या निकषांत एमआरआयला स्थान मिळाले, तेव्हा स्त्री-रुग्णांची खरी संख्या ध्यानात येऊ लागली.

तरीही विलंब संपलेला नाही. युरोपातील १३ देशांच्या २,८४६ रुग्णांच्या पाहणीत निदानाला पुरुषांच्या बाबतीत सरासरी ६.१, तर स्त्रियांच्या बाबतीत ८.२ वर्षे लागल्याचे आढळले. निदानापूर्वी फिजिओथेरपिस्टकडे खेटे घालण्याचे प्रमाणही स्त्रियांतच अधिक होते. तेथे स्त्री दवाखान्यात जाते, पण तिचे दुखणे ओळखले जात नाही. आपल्याकडे प्रश्न त्याही आधीचा आहे. दिल्लीच्या 'एम्स'मधील २०१६ च्या बाह्यरुग्ण नोंदींत, स्त्रीरोग व प्रसूती विभाग वगळता, स्त्रियांचा वाटा अवघा ३७ टक्के होता.

पहाटे बाजार गाठणाऱ्या एखाद्या कोळणीचा विचार करावा. उठताना तिची पाठ धरते. मासळीची पाटी घेऊन चार घरे फिरल्यावर ती मोकळी होते. 'कामाला लागले की बरे वाटते' हे तिचे बोलणे घरात दुखणे नसल्याचा पुरावा ठरते. वस्तुतः तेच रोगाचे लक्षण असू शकते. पुरुषाचा खाडा पडला की मजुरी बुडते, म्हणून त्याची पाठदुखी कुटुंबाच्या हिशेबात येते. स्त्रीच्या घरकामाला मोलच नाही, म्हणून तिची पाठदुखी बाळंतपणाच्या खात्यावर टाकली जाते. त्यातून बाह्यरुग्ण विभागाची वेळ सकाळची आणि तीच तिच्या धंद्याची. केसपेपर स्वस्त असला तरी बुडालेला दिवस महाग पडतो.

यावरचा पहिला उपाय खर्चिक नाही. बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातून काही दिवस सायंकाळी चालवावा. पंचेचाळिशीच्या आत सुरू होऊन तीन महिन्यांहून अधिक टिकलेली पाठदुखी विश्रांतीने वाढते काय, एवढा एक प्रश्न आशा कार्यकर्तीने घरोघर विचारावा आणि होकार आल्यास त्या स्त्रीला तज्ज्ञाकडे धाडावे. सारसोळ्याच्या दाराशी रुग्णालय आले. आता दारातल्या स्त्रीला त्याची पायरी चढण्याइतकी सवड मिळाली पाहिजे.