चार आण्यांची वाटणी

परवा लातूरहून भाचा नांदेडला आमच्याकडे आला, तो तोंड पाडूनच. संगणकाच्या जाळ्यांचं, म्हणजे नेटवर्किंगचं, शिक्षण घेतलेला मुलगा. पुण्याच्या एका कंपनीतली मुलाखत हुकली होती. प्रश्न असा होता : १९२.१६८.१०.७७/२६ हा पत्ता कुठल्या तुकड्यात पडतो?

"मामा, तक्ता पाठ होता हो. पण समोर चार पर्याय नव्हते."

लातूरचं पोरगं ते, सराव परीक्षा देऊन देऊन तयार झालेलं. त्या पद्धतीनं कितीतरी घरांतली मुलं डॉक्टर-इंजिनियर झाली. तिला नावं ठेवणारा मी कोण? पण नुसतं पाठ केलेलं ऐनवेळी दगा देतं, हे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला ठाऊक असतं.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हटलं, तूच शिकव. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला चार आकड्यांचा पत्ता असतो, प्रत्येक आकडा ० ते २५५. तिरप्या रेघेपुढे २४ असेल तर शेवटच्या आकड्याचे २५६ पत्ते म्हणजे एक अखंड शेत. २५ झाले की दोन भाग, २६ ला चार. १९९३ पर्यंत हे पत्ते मुख्यतः तीनच मापांत वाटले जात : २५६, ६५ हजारांवर, नाहीतर एकदम एक कोटी ६७ लाख. केवढी नासाडी!

ही तर आमच्या आजोबांची वाटणी! १९५७ साली दशमान नाणी आली, तरी जमिनीचा हिस्सा ते आण्यांतच बोलत. म्हटलं, २५६ पत्त्यांचा रुपया धर. आठ आणे १२८, चार आणे ६४, दोन आणे ३२, आणा १६. /२६ म्हणजे चार आण्यांची वाटणी. तुकडे सुरू होतात ०, ६४, १२८ आणि १९२ वर. ७७ पडला दुसऱ्यात, ६४ ते १२७.

त्यातले दोन पत्ते मात्र कुणाला देत नाहीत. पहिला तुकड्याचं नाव म्हणून राहतो, शेवटचा सगळ्यांना एकदम हाळी घालायला. उरले ६२. धुऱ्यात जमीन जायचीच. जितक्या वाटण्या, तितके धुरे. आमच्या भावकीला हे कधी उमगलं नाही, ते असो.

रात्री जेवताना त्यानंच विचारलं, "मग मामा, /३० म्हणजे एक पैसा?"

बरोबर. जुन्या आण्याचे चार पैसे. चार पत्ते, वापरायला दोन. दोन गावांमधली लाईन जोडायची तर दोन टोकांना दोनच लागतात.

सकाळच्या एस.टी.नं तो परत गेला. सोमवारी दुसरीकडे मुलाखत आहे. तक्त्याची वही मात्र त्यानं आठवणीनं पिशवीत घातली.