गोड्या पाण्याची सरोवरे (लेखांक ५) : ईरी आणि फॉस्फरसाचा भार

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांपैकी ईरी हे सर्वांत उथळ. त्याची सरासरी खोली सुमारे १९ मीटर, तर पश्चिम भागाची जेमतेम साडेसात मीटर आहे. उथळ पाणी उन्हाळ्यात लवकर तापते. शिवाय भोवती सुपीक शेतजमीन आणि दाट वस्तीची औद्योगिक शहरे असल्याने पाचही सरोवरांत फॉस्फरसाचा सर्वाधिक भार ईरीवर पडतो.

शैवालांना वाढीसाठी कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस ही तिन्ही द्रव्ये लागतात. पहिली दोन हवेतूनही मिळू शकतात. फॉस्फरस मात्र मुख्यतः जमिनीवरून वाहून येतो आणि गोड्या पाण्यात तोच सर्वांत कमी असतो. तो वाढला की शैवाले बेसुमार फोफावतात. ती मरून तळाशी गेली की त्यांना कुजवणारे जिवाणू पाण्यातील प्राणवायू संपवतात आणि तळाजवळ माशांना जगणे अशक्य होते.

१९६० च्या दशकात ईरीची हीच अवस्था झाली. शहरांचे सांडपाणी आणि फॉस्फेटयुक्त धुण्याच्या पावडरी ही तेव्हाची प्रमुख कारणे होती. खरा दोषी कार्बन की फॉस्फरस, हा वाद सरोवर-शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांच्या प्रयोगाने मिटवला. १९७३ मध्ये ऑन्टारिओतील एका लहान सरोवराचे पडदा टाकून दोन भाग करण्यात आले. दोन्हींत कार्बन व नायट्रोजन मिसळले, फॉस्फरस मात्र एकातच. तेवढाच भाग हिरवागार झाला.

अमेरिका आणि कॅनडा यांनी १९७२ मध्येच जलगुणवत्ता करार केला होता. त्यानुसार सांडपाणी प्रक्रिया केंद्रे सुधारली, धुण्याच्या पावडरींतील फॉस्फेटवर मर्यादा आली आणि पुढे ईरीसाठी वर्षाला ११,००० टन फॉस्फरसाची कमाल मर्यादा ठरली. १९८० च्या दशकात सरोवर स्पष्टपणे सावरले.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून शैवाले परतली. या वेळी मुख्य स्रोत होता ईरीला मिळणाऱ्या मॉमी नदीच्या खोऱ्यातील मका-सोयाबीनची शेती. जमिनीवर पसरलेले खत मातीच्या वरच्या थरातच राहते; वसंतातील जोरदार पावसात त्यातील फॉस्फरस विरघळतो आणि शेताखालच्या निचरा-नळांतून थेट नदीत उतरतो. मातीच्या कणांना चिकटलेल्या फॉस्फरसाचा काही अंशच शैवालांना वापरता येतो. विरघळलेला जवळपास सगळाच उपयोगी पडतो. म्हणून एकूण भार फारसा न वाढताही परिणाम गंभीर झाला.

ऑगस्ट २०१४ मध्ये ईरीतून पाणी घेणाऱ्या टोलीडो शहराच्या नळाच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन हे नील-हरित शैवालांपासून येणारे यकृतविष आढळले. चार लाखांहून अधिक लोकांना सुमारे तीन दिवस ते पाणी पिता आले नाही. उकळूनही उपयोग नव्हता: पाण्याची वाफ होते, विष मागे राहते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते.

२०१६ मध्ये दोन्ही देशांनी २००८ च्या तुलनेत फॉस्फरस ४० टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य स्वीकारले. माती परीक्षणानुसार खत देणे, ते पृष्ठभागाखाली पेरणे, हंगामाबाहेर आच्छादन पिके घेणे आणि पाणथळ जागा पुन्हा उभारणे हे त्याचे मार्ग आहेत. ईरीतील पाणी साधारण अडीच-तीन वर्षांत बदलते. शेतात वर्षानुवर्षे साठलेला फॉस्फरस मात्र दीर्घकाळ झिरपत राहतो. सांडपाण्याचा नळ एका कराराने आवरता आला. हजारो शेतांतून होणारी ही गळती प्रत्येक शेताच्या बांधावरच थांबवावी लागेल.