पनवेलला राहावयास जाताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईत उपजीविका आणि मुंबईबाहेर निवास, अशी आयुष्याची वाटणी करणे ज्यांना प्राप्त परिस्थितीत भाग पडते, त्यांची दृष्टी अलीकडे वारंवार पनवेलकडे वळते, आणि ती वळावी यात नवल नाही. १८३० साली बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाल्यापासून १८५६ साली आगगाडी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोचेपर्यंत, मुंबईहून पुण्याकडे जाणारा प्रवासी बहुधा जलमार्गाने पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून पुढे घाटाची वाट धरी. घाटावरचा माल आणि कोकणचा तांदूळ-मीठ यांची उलाढाल येथील पेठेत होत असे. पुढे लोहमार्ग कल्याण-कर्जतवरून गेला आणि या पेठेचे महत्त्व ओसरले. ते पुन्हा वाढीस लागले, ते १९९८ साली हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत धावू लागल्यानंतर. अशा गावी बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबाला ऐकीव माहितीचा तोटा नसतो. परंतु त्या माहितीपैकी बराचसा भाग अर्धसत्य असतो, आणि अर्धसत्यावर वीस वर्षांचे कर्ज काढणे हे कोणत्याही संसाराला परवडणारे नाही. म्हणून सर्वत्र ऐकू येणाऱ्या काही समजुती येथे एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज : पनवेल हे एक शहर आहे, घर कोठेही घेतले तरी कारभार एकच.

वस्तुस्थिती अशी की, ‘पनवेल’ या एका नावाखाली निरनिराळ्या इतिहासाच्या आणि निरनिराळ्या अंमलाच्या वस्त्या नांदतात. लोहमार्गाच्या पश्चिमेस जुने शहर आहे, ज्याची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे राज्यातील अत्यंत जुन्या नगरपालिकांपैकी एक. पूर्वेस नवीन पनवेल, आणि मुंबईच्या दिशेने कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती आहेत. त्या १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या शासकीय महामंडळाने संपादित जमिनीवर आखून वसवल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजी जुनी नगरपालिका, या वसाहती आणि आसपासची गावे मिळून पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली खरी. पण जमिनीची मालकी आणि इमारतीचा पूर्वेतिहास हे काही एका अधिसूचनेने एकजीव होत नाहीत. हद्दीच्या पलीकडे ‘नैना’ या नावाने ओळखले जाणारे विमानतळ-प्रभावित क्षेत्र आहे, जेथे २०१३ पासून नियोजनाचा अधिकार पुन्हा सिडकोकडे आहे.

या भेदाचा परिणाम थेट खिशावर होतो. सिडकोच्या वसाहतीतील जमीन सामान्यतः साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते, म्हणजे सदनिका विकत घेणारा तिच्याखालच्या भूमीचा निर्वेध मालक होत नाही. हस्तांतराला सिडकोची अनुमती व शुल्क लागते, आणि पट्ट्याचा अवधी वाढवण्यासंबंधीची धोरणे वेळोवेळी बदलत आली आहेत. महापालिकेने मालमत्ता कराची आकारणी २०१६ पासूनच्या मुदतीसह केली, तेव्हा सिडकोला सेवाशुल्क देत आलेल्या रहिवाशांनी दुहेरी भाराची तक्रार केली आणि तो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून जुनी सदनिका घेताना विक्रेत्याकडून कराची थकबाकी व सिडकोचा ना-हरकत दाखला या दोन गोष्टी व्यवहारापूर्वीच मागून घेतल्या पाहिजेत.

गैरसमज : लोकलने ८० मिनिटे, म्हणजे प्रवास ८० मिनिटांचा.

पनवेल ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ४९ किलोमीटर आहे आणि लोकलला सुमारे ८० मिनिटे लागतात, हे खरे. परंतु कोणीही फलाटावर राहत नाही आणि कोणाची कचेरीही फलाटावर नसते. घरातून निघून रिक्षा मिळेपर्यंतचा वेळ, स्थानकाबाहेरची गर्दी, आणि उतरल्यानंतरची पायपीट वा बस यांची ४० मिनिटे धरली, तर एका बाजूचे दोन तास होतात. दोन्ही बाजूंचे चार, आणि महिन्याच्या २५ कामाच्या दिवसांचे १००. या शंभर तासांतून स्थानकालगतचे घर जे दहा-दहा मिनिटे वाचवते, त्याची महिनाअखेर आठ तासांहून अधिक, म्हणजे एका पूर्ण कामाच्या दिवसाची, बेरीज होते. भाड्यातील वा किमतीतील फरक या बेरजेशी ताडून पाहावा.

शिवाय नोकरी मुंबईच्या कोणत्या भागात आहे, यावर सारे अवलंबून आहे. गाडी पनवेलहूनच सुटत असल्याने येथे चढणाऱ्याला बसावयास जागा मिळण्याचा संभव असतो; पुढच्या खांदेश्वर, मानसरोवर, खारघर या स्थानकांवर तो संभव क्रमाक्रमाने घटतो. ठाण्यास जाणाऱ्यासाठी ट्रान्सहार्बर मार्ग आहे, पण त्याच्या गाड्या तुलनेने विरळ. वांद्रे-कुर्ला संकुलात जाणाऱ्याला कुर्ल्याला उतरून पुन्हा वाहन शोधावे लागते. घर पाहावयास रविवारी दुपारी मोटारीने जाणे हा सर्वांचा परिपाठ आहे. परंतु निर्णय करण्यापूर्वी सोमवारी सकाळी त्या घराच्या दारापासून आपल्या कचेरीच्या दारापर्यंत आणि संध्याकाळी उलट, असा प्रवास प्रत्यक्ष करून पाहण्याला दुसरा पर्याय नाही.

गैरसमज : विमानतळ आणि सागरी सेतू झाले, आता जितके त्यांच्या जवळ, तितके उत्तम.

नवी मुंबई विमानतळाचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झाले आणि उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी. बेलापूर-पेंधर मेट्रोचा पाया २०११ साली घातला गेला आणि ती प्रवाशांसाठी खुली झाली नोव्हेंबर २०२३ मध्ये. या दोन्ही कामांनी नागरिकांचे कल्याण केले आहे, याविषयी दुमत नाही. पण ती पुरी होण्याच्या आशेवर ज्यांनी आरंभीच घरे घेतली, त्यांनी मधली सारी वर्षे जुन्याच रस्त्यांवरून काढली. म्हणून जी सोय आज चालू आहे तिचेच मोल द्यावे, आणि जी नकाशावर आहे तिला लाभ समजावे, आधार समजू नये.

सान्निध्याचीही दुसरी बाजू आहे. विमानतळाच्या धावपट्ट्या स्थूलमानाने पूर्व-पश्चिम आहेत आणि पनवेल शहर त्याच्या पूर्वेस येते. तेव्हा उड्डाणमार्गाच्या रेषेखालील घरांना आवाजाचा उपद्रव संभवतो. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आणि अंतिम उद्दिष्ट नऊ कोटींचे आहे, हे ध्यानी घेतले तर आजची शांतता हा उद्याचा पुरावा ठरत नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीहून निघून उरण तालुक्यात चिर्ल्याजवळ उतरतो, पनवेलच्या पेठेत नव्हे. शिवाय रोजच्या पथकराचा हिशेब ज्याचा त्याने करावयाचा आहे. मोटार नसलेल्या चाकरमान्याच्या दृष्टीने लोकलच अद्याप खरा सेतू आहे.

गैरसमज : पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदाची, तिची चिंता कशाला?

या समजुतीइतकी घातक समजूत दुसरी नाही. राज्यात नदीकाठी दोन पूररेषा आखल्या जातात : निळी रेषा सामान्यतः २५ वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची. याचा अर्थ पूर एकदा येऊन गेला की पुढची २५ वर्षे निश्चिंतीची, असा मुळीच नाही. प्रत्येक वर्षी तो येण्याचा संभव शेकडा ४ आहे, एवढाच त्याचा अर्थ. वर्षामागून वर्ष हा संभव साचत गेला की २० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत निळ्या रेषेपर्यंत पाणी निदान एकदा येण्याची शक्यता शेकडा ५५ हून अधिक होते, आणि लाल रेषेपर्यंत येण्याची शक्यताही शेकडा १८ च्या आसपास राहते.

वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या तालुक्यात पनवेलजवळून गाढी नदी वाहते आणि खाडीला मिळते. अतिवृष्टी व भरती एकाच वेळी आली की नदीच्या पाण्याला खाडीत उतरावयास वाट उरत नाही व ते सखल वस्त्यांत पसरते. कळंबोली-कामोठ्याचे काही भाग तर भरतीच्या कमाल पातळीहून खाली असल्याने तेथे पावसाचे पाणी धारण तलावांत साठवून ओहोटीच्या वेळी खाडीत सोडण्याची योजना केलेली आहे. हे तलाव गाळाने भरले किंवा त्यांची दारे नादुरुस्त राहिली, तर योजना कागदावरच उरते. २६ जुलै २००५ च्या महापुराची आठवण सांगणारी माणसे प्रत्येक गल्लीत आहेत. दलालाच्या आश्वासनापेक्षा तळमजल्यावरच्या किराणा दुकानदाराला पाणी कोठवर चढले होते ते विचारावे, आणि महापालिकेच्या नगररचना विभागात पूररेषेचा नकाशा पाहावा.

गैरसमज : धरणांचा मुलूख, पाण्याची ददात नसणार.

धरण कोणत्या गावाजवळ आहे याला महत्त्व नसून ते कोणाच्या मालकीचे आहे याला आहे. मोरबे धरण रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात आहे, पण मालकी नवी मुंबई महापालिकेची. सिडको जेथून पाणी घेते ते हेटवणे धरण पेण तालुक्यात. जुन्या पनवेलच्या नगरपालिकेचे स्वतःचे देहरंग धरण होते, जे आता महापालिकेकडे आहे, आणि स्वतःच्या धरणाचा मान मिरवणाऱ्या नगरपालिका थोड्या. परंतु ते लहान असून गाळानेही भरले आहे, त्यामुळे उन्हाळ्यात ते अपुरे पडते व महाराष्ट्र जीवन प्राधिकरणादी यंत्रणांकडून पाणी घ्यावे लागते. परिणामी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना पाण्याची स्थिती वेगळी असू शकते. घर पाहताना नळाला पाणी किती वाजता, किती वेळ आणि किती दाबाने येते ते विचारावे, आणि एप्रिल-मे महिन्यांत सोसायटीने टँकरवर किती खर्च केला, हे सोसायटीच्या जमाखर्चातूनच पाहावे.

हवेविषयीही असेच डोळसपण हवे. तळोजा औद्योगिक क्षेत्राच्या प्रदूषणाबद्दल खारघर-कामोठे-कळंबोलीचे रहिवासी वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत, आणि कासाडी नदीचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलेला आहे. दुर्गंधी जाणवते ती बहुधा रात्री व पहाटे, विशेषतः हिवाळ्यात. दुपारी घर पाहून जाणाऱ्याला तिचा पत्ता लागत नाही.

गैरसमज : सातबारा आणि महारेरा क्रमांक असला की व्यवहार निर्धोक.

सातबारा उतारा हा महसुली दप्तरातील लेख आहे. त्यावरील नोंद, खोटी सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते, पण फेरफाराच्या नोंदीने मालकी हक्क निर्माण होत नाही, असे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. नैना क्षेत्राच्या आसपास गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे ‘बंगला प्लॉट’ म्हणून विकले जातात. त्यांच्या बाबतीत जमीन अकृषिक आहे काय, तुकडेबंदीच्या कायद्यात बसते काय, आणि नगररचना परियोजनेत तिचा कोणता हिस्सा रस्त्यासाठी वा आरक्षणासाठी जाणार आहे, हे पाहिल्यावाचून इसारही देऊ नये. शेतजमीन खरीदणारा शेतकरी असावा लागतो, हा कूळ कायद्याचा दंडकही अनेकांच्या लक्षात उशिरा येतो.

महारेराची व्यवस्था १ मे २०१७ पासून अमलात आली. तिच्यामुळे चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित झाली, नोंदणीकृत करारावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई झाली, आणि बांधणीतील गंभीर दोषांसाठी विकासक पाच वर्षे उत्तरदायी ठरला. परंतु नोंदणी म्हणजे जमिनीच्या मालकीची हमी नव्हे. जमिनी संपादित झालेल्या प्रकल्पग्रस्तांना भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेतील भूखंडावरच्या इमारतीत मूळ प्रकल्पग्रस्त, सिडको आणि विकासक यांचा त्रिपक्षीय करार झाला आहे काय, ते पाहावे. गावठाणालगतच्या इमारतीत बांधकामाची परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे काय, ते पाहावे. तेथे किंमत कमी दिसते, तिचे कारण पुष्कळदा याच दोन कागदांच्या अभावात असते, आणि तो अभाव पुढे कर्ज, नळजोडणी आणि पुनर्विक्री या तिन्ही वेळी आड येतो.

गैरसमज : भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, येताक्षणीच घर घ्यावे.

वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी कागदावरून कळत नाहीत. त्या ऋतूंच्या फेऱ्यातून कळतात. अकरा महिन्यांचा, नोंदणी केलेला भाडेकरार जानेवारी-फेब्रुवारीत सुरू केला, तर त्यात उन्हाळ्याचे पाणी, जुलैची अतिवृष्टी, गणपतीतली महामार्गावरील कोंडी आणि हिवाळ्याच्या पहाटेची हवा या चारही परीक्षा होऊन जातात. त्या मुदतीत जुने शहर व नवी वसाहत यांतील निवडही आपोआप सुचते : ज्या घरात वृद्ध माणसे आहेत, त्यांना पेठ, दवाखाना, देऊळ आणि एस.टी. स्थानक पायी गाठता येणारे जुने पनवेल सोयीचे वाटते. ज्यांची मुले लहान आहेत, त्यांना आखीव रस्ते, मैदाने आणि वाहनतळ असलेली वसाहत बरी वाटते. अकरा महिन्यांचे भाडे हे या ज्ञानाचे मूल्य आहे, आणि चुकीच्या जागी अडकलेल्या कर्जाच्या तुलनेत ते अल्प आहे.

तेव्हा क्रम असा असावा : आधी रोजची वाट, मग पावसाळा आणि पाणी, मग कागद, आणि किमतीची बोलणी सर्वांच्या शेवटी. सामान्यतः हा क्रम नेमका उलटा असतो, कारण किंमत जाहिरातीत छापलेली असते आणि बाकीच्या गोष्टी आपण विचारल्यावाचून कोणी सांगत नाही. विचारण्याचा अधिकार मात्र प्रत्येकाला आहे : दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दस्त पाहता येतो, महारेराच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत, नगररचनेचा नकाशा मागता येतो. ज्या कुटुंबाने आयुष्याची मिळकत एका दारावर लावावयाची ठरवली आहे, त्याने हा अधिकार संकोच न करता, दार निवडण्यापूर्वीच बजावावा.