गुणपत्रिका आणि अर्थक्षेत्राची दारे

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आपल्या नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणराव देशमुख यांचा जन्म झाला. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले होते. हे उदाहरण आम्ही वर्गात अभिमानाने सांगतो. मात्र ते ऐकताना मागच्या बाकावरील मुलाचा चेहरा उतरतो, हेही आम्ही पाहिले आहे. वाणिज्य शाखेची पदवी कशीबशी मिळवलेला, गाठीशी अनुभव नसलेला माजी विद्यार्थी "सर, बँकेचा नाद सोडू का?" असे विचारतो, तेव्हा त्याला दुसरे उदाहरण द्यावे लागते.

ते बाबासाहेबांचे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, ते ७५० पैकी २८२ गुणांनी. त्याच विद्यार्थ्याने १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी घेतली. १९१७ साली मायदेशी परतल्यावर बडोद्यातील नोकरी अस्पृश्यतेच्या छळामुळे सोडावी लागली. मुंबईत त्यांनी शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय मांडला. जात कळताच ग्राहक येईनासे झाले. तरीही १९१८ साली ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९२५ साली त्यांनी चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली.

यातून एक भेद ध्यानी घ्यावा. जातीने बंद केलेले दार फोडण्यासाठी चवदार तळ्याचा संग्राम करावा लागला. कमी गुणांनी बंद झालेले दार अभ्यासाने उघडते. दोहोंची गल्लत करून आपल्या मुलांनी स्वतःस नालायक ठरवू नये.

आज कोणती दारे उघडी आहेत? सरकारी बँकांच्या लिपिक व अधिकारी पदांच्या सामाईक परीक्षांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. टक्केवारीची अट नसते. लिपिकपदासाठी मुलाखतही नसते; स्थानिक भाषेचे ज्ञान मात्र तपासले जाते. लिपिकपदासाठी वयोमर्यादा २८ वर्षे असून अनुसूचित जातींना पाच वर्षांची सवलत आहे. १९९० पासून केंद्रीय सेवांतही बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात. त्यासाठी जातीचा दाखला केंद्राच्या विहित नमुन्यात आधीच काढून ठेवावा. पुण्याची बार्टी संस्था अशा परीक्षांसाठी विनामूल्य प्रशिक्षण देत आली आहे.

सनदी लेखापाल होण्यासाठी वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के असल्यास पायाभूत परीक्षा द्यावी लागत नाही. त्याहून कमी असल्यास ती द्यावी, एवढेच. तिला बारावी उत्तीर्ण असणे पुरते. पुढील उमेदवारीत विद्यावेतनासह प्रत्यक्ष काम शिकता येते. म्युच्युअल फंड वितरकाच्या परीक्षेत ५० टक्के गुणांना उत्तीर्ण होता येते आणि तिथे पदवीचे गुण कोणी विचारत नाही. मात्र या कामाचे उत्पन्न दलालीवर अवलंबून असते. दलालीच्या मोहाने आपल्याच नातलगांच्या गळ्यात नको ती योजना मारू नये.

अनुभवाचे काय? तो गावातूनच सुरू करता येतो. बचत गटाची वही, विहाराचा जमाखर्च, पतसंस्थेतील काम, महाडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लेखा कार्यालयात नोंदी करणे, हे सारे अनुभवच होत. टॅली आणि वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे शिकून वर्षभर एकाच ठिकाणी चोख हिशेब ठेवावा आणि तेथील लेखी प्रमाणपत्र घ्यावे. मुलाखतीत गुणांविषयी विचारले तर सबबी सांगू नयेत. काय चुकले आणि त्यानंतर काय शिकलो, हे दोन वाक्यांत सांगावे.

पालकांना आमची एकच विनंती आहे. निकालाच्या दिवशी शेजारच्या मुलाचे टक्के मोजू नका. मुलाला दोन वर्षांचा अवधी, अभ्यासाला एक कोपरा आणि घरखर्चाची वही द्या. महिन्याअखेर ती वही पैशापैशाने जुळू लागली, म्हणजे त्याची सुरुवात झाली असे समजा.